इंजिनिअर झालो, नोकरी लागली. आता इंजिनिअरांच्या संस्थेचं सभासद व्हायचं का? (नागपूरकरांनी सांगावं)

बेसा_साइटवाला :

राम राम मंडळी. सिव्हिलची डिग्री घेऊन बाहेर पडलो, सध्या बेसा-मनीषनगर भागात एका बिल्डरकडे साइट इंजिनिअर आहो. बाबांचे एक मित्र सिंचन खात्यातून रिटायर झालेले आहेत. घरी आले की त्यांचा एकच धोशा : "इन्स्टिट्यूशनचं सभासद हो रे बाबू." कशासाठी, असं विचारलं की म्हणतात, "झाल्यावर समजेल." रूमवरचे पोट्टे म्हणतात, तेवढ्या पैशात रेव्हिटचा (इमारतीच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा) क्लास लाव. दोन्ही पार्ट्यांचं ऐकून डोकं फिरून राहिलं आहे.

इथे कोणी सभासद असेल तर स्पष्ट सांगा. नोकरीत उपयोग होतो का? पगार वाढतो का? का नुसती नावापुढे चार अक्षरं लावायला मिळतात? आणि घ्यायची तरी कोणती संस्था? ढीगभर आहेत.

हिंगणा_सेकंड_शिफ्ट :

पगार वाढत नाही. पुढचा प्रश्न.

मी मेकॅनिकल, हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला. कॉलेजात सरांनी अख्ख्या वर्गाला एका संस्थेचं विद्यार्थी सभासदत्व घ्यायला लावलं, कारण कॉलेजला तपासणीच्या फायलीत आकडा दाखवायचा होता. कार्ड आलं, मासिक यायला लागलं, त्याचं प्लास्टिक मी कधी फाडलं नाही. नोकरी लागल्यावर सेंटरच्या कार्यक्रमालाही जाऊन आलो. वेळ साडेसहाची, पाहुणे सव्वासातला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, आणि पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांब. खरं व्याख्यान सुरू झालं तोवर मागच्या रांगा आलूबोंड्याकडे सरकल्या होत्या. पुढच्या रांगेत सगळे साठीच्या पुढचे, एकमेकांना "साहेब, साहेब" करून राहिले. माझ्या वयाचा कोणी नाही. घ्यायचं तर घे भाऊ, पण डोळे उघडे ठेवून घे.

निवृत्त_उपअभियंता :

हिंगणा, शाल-श्रीफळाचं एकदम खरं आहे. मी हार घातलेलेही आहेत आणि घालून घेतलेलेही. त्याबद्दल तक्रार करायला मलाही आवडतं.

बेसा, तुझ्या बाबांच्या मित्रांना जे सांगता येत नाही ते मी सांगून पाहतो. वकिलाला बार कौन्सिल आहे, डॉक्टरला मेडिकल कमिशन, वास्तुविशारदाला १९७२चा स्वतंत्र कायदा. इंजिनिअरसाठी आपल्या देशात असा कायदाच नाही. त्यामुळे "हा माणूस इंजिनिअर म्हणून उभा राहायच्या लायकीचा आहे" हे कोणीतरी सांगायचं काम संस्थांकडे आलं. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२०ची, मुख्यालय कोलकात्याला. १९३५ साली तिला रॉयल चार्टर मिळाला आणि "चार्टर्ड इंजिनिअर" म्हणवून घ्यायचा अधिकार त्यातून आला. आपलं लोकल सेंटर नॉर्थ अंबाझरी रोडवर आहे, कधीही जाऊन बघ.

आता नागपूरकर म्हणून एक गोष्ट ऐक. तू ज्या रस्त्याने साइटवर जातोस तो रामा (राज्यमार्ग) की प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), इजिमा (इतर जिल्हा मार्ग) की ग्रामा (ग्रामीण मार्ग), ही उतरंड याच शहरात बसली. १९४३ साली देशभरचे चीफ इंजिनिअर नागपुरात जमले, त्यातून "नागपूर प्लॅन" निघाला. वीस वर्षांचा आराखडा, दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता हे लक्ष्य. परिषद सरकारने बोलावली, पण तिच्यामागे इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) ही रस्तेवाल्या इंजिनिअरांची संस्था होती. तिचा जन्म १९३४चा, म. रा. जयकरांच्या समितीने केलेल्या शिफारशींतून. आजही आयआरसीचा कोड उघडल्याशिवाय बांधकाम खात्यात डांबराच्या थराची जाडी ठरत नाही. हे कोड कोण लिहितं? सभासदांच्याच समित्या. पहिल्या वर्षी तिथे खुर्ची कोणी देत नाही, पण त्या खोलीचं दार बाहेरच्यासाठी उघडत नाही हेही तितकंच खरं.

हिंगणा_सेकंड_शिफ्ट :

काका, इतिहास दमदार आहे, पण १९४३च्या परिषदेचा बेसाला महिनाअखेरीस काय उपयोग?

तर्रीवाला_स्ट्रक्चरल :

महिनाअखेरीस नाही, पाया खोदताना उपयोग. थांब, सांगतो.

आधी कागदाची बाजू. इंजिनिअरांचा कायदा नाही, पण बांधकामाचे नियम आहेत. महाराष्ट्राची २०२०ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जिला आम्ही सगळे यूडीसीपीआर म्हणतो, नागपूर मनपालाही लागू आहे. परवानाधारक इंजिनिअर आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर कोणाला म्हणायचं याची पात्रता तिच्या परिशिष्टात दिली आहे, आणि तिथे डिग्रीसोबत इन्स्टिट्यूशनच्या सभासदत्वाचा उल्लेख येतो. उद्या नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस टाकायचं मनात असेल तर हे परिशिष्ट आजच वाचून काढ. नोकरीत असेपर्यंत याची गरज पडत नाही, म्हणून रूमवरच्या पोट्ट्यांना ते दिसत नाही.

आता पायाचं. मी नवीन होतो तेव्हा साइटवर माझ्यावर कोणी सिनियरच नव्हता. मी आणि ठेकेदार, बस. वर्धा रोडच्या बाजूचा प्लॉट, वर काळी माती, खाली पिवळट थर. ठेकेदार म्हणे, "साहेब, मुरूम लागला, इथेच थांबवू." मला खात्री नव्हती, पण विचारायचं कोणाला? बिल्डरला विचारलं तर तो ठेकेदारालाच विचारणार. त्या आठवड्यात काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या नागपूर सेंटरचं व्याख्यान होतं. विषय निराळाच होता. चहाच्या टेबलावर एका वयस्क सल्लागारांना गाठलं. ते म्हणाले, "फ्री स्वेल काढला का?" म्हणजे पाण्यात माती किती फुगते त्याचं माप. मी म्हटलं, लॅबला पाठवतो. म्हणे, "लॅबला पाठव, पण आज रात्री स्वतः करून बघ."

ती टेस्ट आपण सगळ्यांनी जर्नलमध्ये उतरवलेली असते. आयएस २७२०, भाग ४०. माती ओव्हनमध्ये वाळवायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. १०-१० ग्रॅम माती १०० मिलिच्या दोन मोजनळ्यांत. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत रॉकेल. काचेच्या कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेलमध्ये चिकणमाती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या नळीत माती १२च्या रेघेवर, पाण्याच्या नळीत २६वर. फरक भागिले रॉकेलचं माप, गुणिले शंभर : ११७ टक्के. शंभरच्या वर गेली की कोडानुसार ती जास्त फुगणाऱ्या गटात. ठेकेदाराचा "मुरूम" चक्क पिवळी चिकणमाती होती. त्याला दोन्ही नळ्या दाखवल्या, तो काही बोलला नाही. पाया आणखी खोल नेला.

यासाठी सभासदत्वच लागतं का? नाही. गूगलवरही टेस्ट सापडते. पण त्या क्षणी "फ्री स्वेल" हा शब्द गूगलला सांगायला मला सुचला नसता. आणि ते सल्लागार पुढे माझ्या पहिल्या डिझाइनची आकडेमोड तपासून द्यायला तयार झाले, ते मी दर महिन्याला तोंड दाखवत होतो म्हणून.

बेसा_साइटवाला :

बापरे. आमच्या साइटवरही खाली पिवळाच थर आहे. आणि आमचा ठेकेदारही मुरूमच म्हणून राहिला आहे.

तर्रीवाला_स्ट्रक्चरल :

मग हा धागा बंद कर आणि आधी माती आण.

स्वराली_ईअँडटीसी :

मी विद्यार्थीदशेपासून आयट्रिपलईत (इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या संस्थेत) आहे, त्यामुळे थोडी वेगळी बाजू. आधी एक गैरसमज काढते. "सभासद झालं की एक्सप्लोरवरचे (तिच्या ऑनलाइन लायब्ररीतले) सगळे पेपर फुकट" असं ज्युनियरना सांगितलं जातं. तसं नाही. सभासदत्वात स्पेक्ट्रम मासिक येतं, पेपरांच्या लायब्ररीचे पैसे वेगळे. कॉलेजने वर्गणी भरली असेल तर कॉलेजच्या नेटवर्कवर मिळतात आणि त्याचं श्रेय उगाच कार्डाला जातं. दुसरं, विद्यार्थ्यांचा दर कमी असतो, पदवी झाली की तो वाढतो आणि दरवर्षी भरावा लागतो. बहुतेक पोरं तिथेच गळतात.

मला मिळालं ते कॉलेजातल्या विद्यार्थी ब्रांचच्या कामातून. मी खजिनदार होते. वक्त्याला पत्र लिहिणं, प्राचार्यांकडून सभागृहाची परवानगी काढणं, खर्चाचा हिशेब वेळेत वर पाठवणं, आणि वक्ता ऐनवेळी येत नाही म्हणाल्यावर दीडशे पोरांसमोर काय करायचं ते ठरवणं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत प्रोजेक्टवर दोनच प्रश्न आले, बाकी वेळ यावरच गप्पा झाल्या.

हिंगणा_सेकंड_शिफ्ट :

ताई, हे सगळं गणेश मंडळातही शिकता येतं. वर्गणी द्यावी लागत नाही, उलट गोळा करायला मिळते.

स्वराली_ईअँडटीसी :

येतं की! मी तेही केलंय. पण गणेश मंडळात कोणी रिले सेटिंगवर बोलायला येत नाही, आणि जेवताना शेजारी बसून "कोराडीच्या वीज केंद्रात ये, ६६० मेगावॅटचा संच दाखवतो" असं म्हणत नाही. आम्ही गेलो होतो. टर्बाइन हॉलमध्ये उभं राहिल्यावर पुस्तकातली आकृती किती लहान होती ते कळलं.

सदर_पॉलिटेक्निक :

मी डिप्लोमावाला. एका क्लासवाल्याने सांगितलं की एएमआयईची (इन्स्टिट्यूशनच्या असोसिएट सभासदत्वाची) सेक्शन ए आणि बी परीक्षा दिली की ती बीई बरोबर धरतात, नोकरी सोडायची गरज नाही. फी पण सांगितली. भरू का?

निवृत्त_उपअभियंता :

बाबू, थांब. भरू नकोस, आधी नीट समजून घे. आमच्या काळात खात्यातल्या कितीतरी ज्युनियर इंजिनिअरांनी रात्री अभ्यास करून ती परीक्षा दिली आणि वर गेले, फार कठीण परीक्षा होती. पण केंद्र सरकारने पदवीशी समकक्षता फक्त ३१ मे २०१३पर्यंत नाव नोंदवलेल्यांना ठेवली. त्यानंतर नोंदणी केलेल्याला सरकारी भरतीत किंवा एमटेकच्या प्रवेशात ती पदवी म्हणून दाखवता येईल या भरवशावर पैसे टाकू नये. क्लासवाला तारीख सांगत नसेल तर त्याला तारीख विचार, चेहरा बघ.

तुला डिग्रीच हवी असेल तर थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आहे, आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) काही कॉलेजांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत डिग्रीचे वर्ग चालवायला परवानगी दिली आहे. तिथे चौकशी कर. संस्थेत तंत्रज्ञ म्हणून सभासद व्हायला डिप्लोमावाल्याला वाट आहे, पण सभासदत्व आणि पदवी या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस.

सदर_पॉलिटेक्निक :

धन्यवाद काका. वाचलो.

आखाती_नागपूरकर :

मूळचा महालचा, सध्या आखातात. बाहेर जायचा विचार असणाऱ्यांसाठी लिहितो. इकडे इंजिनिअरांची संस्था म्हणजे हार-तुऱ्यांचं प्रकरण नाही, तिच्या हातात तुमचा व्हिसा असतो. सौदीत कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी नसेल तर इंजिनिअर म्हणून काम करता येत नाही. कुवेतने २०१८मध्ये इंजिनिअरांच्या निवासी परवान्याच्या नूतनीकरणाला तिथल्या सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचं ना-हरकत पत्र बंधनकारक केलं, आणि सोसायटी भारतातल्या पदवीसाठी एनबीएचं (कॉलेजच्या अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या बोर्डाचं) मानांकन मागू लागली. वर्षानुवर्षं काम केलेली माणसं अडकली, कारण त्यांच्या कॉलेजच्या शाखेला ते मानांकनच नव्हतं. काहींनी पदनाम बदलून घेतलं आणि सुपरवायझर म्हणून राहिले.

म्हणून बारावीच्या पोरांनो, कॉलेज निवडताना शाखेचं एनबीए बघा. इमारत आणि स्विमिंग पूल नंतर.

अमेरिकेचं वेगळं. तिथे पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स राज्य देतं, त्याच्या परीक्षा असतात. एएससीईचं (तिथल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेचं) सभासदत्व घेतलं म्हणून सही करायचा अधिकार मिळत नाही. कोणी तसं सांगत असेल तर ऐकू नका.

साइटवरची_ताई :

बायकांच्या बाजूने कोणीच लिहिलं नाही म्हणून. मी सिव्हिल, साइटवरच. सेंटरचे कार्यक्रम संध्याकाळी, संपायला साडेनऊ, मग बुटीबोरीच्या पलीकडून आलेल्या मुलीने घरी जायचं कसं? पहिल्यांदा गेले तेव्हा सभागृहात मी आणि सूत्रसंचालन करणारी, दोघीच. मी समितीतल्या एका सरांना सांगितलं, शनिवारी दुपारी ठेवा. त्यांना आश्चर्य वाटलं की हे आधी कोणी म्हणालं कसं नाही. काही कार्यक्रम दुपारी घ्यायला लागले, मुली वाढल्या. नंतर एका चर्चेत मी उभी राहून विचारलं की साइट सेफ्टीवर तासभर बोललात, हेल्मेट झालं, हार्नेस झालं, बाई इंजिनिअरला साइटवर संडास कुठे आहे? दोन मिनिटं शांतता. पण तिथे बसलेल्यांपैकी एक जण मोठ्या प्रकल्पाचे प्रमुख होते. त्यांच्या साइटवर पुढच्या महिन्यात सोय झाली. माझ्या कंपनीत हेच मी मेल करून करून थकले होते.

मला नोकरी मिळाली, बढती मिळाली वगैरे काही नाही. पण एवढं मात्र झालं.

हिंगणा_सेकंड_शिफ्ट :

ताई, हे आवडलं. शांततेचं तर फारच.

आता मला एक सांगा, जाणकारांनी. आमच्या कंपनीने मागे परदेशातून जुनं सीएनसी मशिन आणलं. कस्टम्ससाठी चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र हवं म्हणून एक साहेब आले. नावपाटीचे फोटो काढले, मेक, मॉडेल, सिरियल नंबर उतरवला, स्पिंडल फिरवून बघितलं, माझ्याच फायलीतली माहिती घेतली, सही-शिक्का मारला आणि फी घेऊन गेले. सगळी धावपळ माझी. हा धंदा मला करता येईल का?

तर्रीवाला_स्ट्रक्चरल :

वा! अखेर मासा गळाला लागला.

करता येतो. आधी इन्स्टिट्यूशनचं कॉर्पोरेट सभासदत्व, म्हणजे असोसिएट मेंबर, मेंबर किंवा फेलो यांपैकी तुझ्या पात्रतेला जे बसेल ते. विद्यार्थी सभासदत्व यात धरत नाहीत. मग चार्टर्ड इंजिनिअरच्या प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज. काम बरंच असतं : जुन्या मशिनरीचं मूल्यांकन, ईपीसीजीत (निर्यातदारांना मशिन आयातीत सवलत देणाऱ्या योजनेत) आणलेलं मशिन खरंच बसवलं का याचा दाखला, बँकेच्या कर्जासाठी किंमत, विम्याचे दावे. पण दोन गोष्टी. स्वतःच्या मालकाच्या मशिनवर तुझी सही चालणार नाही, सही करणारा स्वतंत्र लागतो. आणि नोकरीत असताना बाहेरचं काम करायला कंपनीची परवानगी लागेल. तुला दिसली ती पाच मिनिटांची सही. मशिनचं उरलेलं आयुष्य चुकीचं लिहिलं तर चौकशीला कस्टम्ससमोर तेच साहेब उभे राहतात.

निवृत्त_उपअभियंता :

आणि शिक्का मारायच्या आधी मासिकाचं प्लास्टिक फाड रे बाबू.

हिंगणा_सेकंड_शिफ्ट :

काका...

बेसा_साइटवाला :

सगळ्यांचे आभार. मग मी कोणती संस्था घेऊ? आणि आधी पैसे भरू की आधी जाऊन बघू?

स्वराली_ईअँडटीसी :

आधी जाऊन बघ. बहुतेक व्याख्यानांना बाहेरच्यालाही बसू देतात. १५ सप्टेंबरला अभियंता दिन असतो, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीचा, आणि आपल्या गावात तर त्यांच्या नावाचं व्हीएनआयटी उभं आहे. त्या आठवड्यात शहरात कार्यक्रमांची रेलचेल असते. पण फक्त त्या आठवड्यावरून मत बनवू नकोस, तेव्हा शाल-श्रीफळाचा सीझन असतो. एखाद्या साध्या महिन्यातलं, तीस माणसांचं व्याख्यान गाठ.

तर्रीवाला_स्ट्रक्चरल :

सिव्हिलसाठी माझं मत : इन्स्टिट्यूशन कागदासाठी, आणि आपल्या कामाच्या विषयाची एक छोटी संस्था माणसांसाठी. काँक्रीटची आहे, भूतंत्राची आहे, सल्लागार इंजिनिअरांची आहे. एसी-व्हेंटिलेशनवाल्यांनी इशरेचं नागपूर चॅप्टर बघावं, कॉम्प्युटरवाल्यांनी सीएसआय. चार-चार कार्डं जमवू नकोस. फी भरताना ती एकदाची आहे की वार्षिक ते बघ. आणि सभासद झाल्यावर सचिवांना सरळ जाऊन म्हण, "काम सांगा." पहिल्यांदा खुर्च्या मोजायलाच सांगतील. मोज. नुसतं ऐकायला येणाऱ्याचं नाव कोणी लक्षात ठेवत नाही, माइक चालू करून देणाऱ्याचं ठेवतात.

रेव्हिटचा क्लासही लाव, त्यात भांडण नाही.

बेसा_साइटवाला :

जमलं. माती आणली आहे, ओव्हनचं कॉलेजच्या लॅबवाल्या सरांना विचारतो, मोजनळ्याही तेच देतील. पण रॉकेल कुठे मिळेल? रेशनवर तर दिसतच नाही आता. आई म्हणे, घरातला स्टोव्ह कधीच भंगारात गेला.

तर्रीवाला_स्ट्रक्चरल :

काही जण कार्बन टेट्राक्लोराईडही वापरतात, पण ते विषारी, घरी त्याच्या नादी लागू नकोस. रॉकेलच शोध.

हिंगणा_सेकंड_शिफ्ट :

माझ्याकडे आहे ना बे, वर्कशॉपला, बेअरिंग धुवायला. वापरलेलं नाही, डबा सीलबंद आहे. मी दुपारी तीनला आत जातो, त्याच्या आधी गेटवर ये. बाटली तुझी आण, आणि निकाल इथे टाक.